घरी बनवलेल्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये बॅटरीची जागा कशी ठरवावी

सांगाडा उभा राहतो, प्लाय लागतो, गादीचं माप निघतं, किचनचे ड्रॉवर बसतात, आणि मग लक्षात येतं की बॅटरी राहिलीच. उरल्यासुरल्या कोपऱ्यात तिला ढकललं जातं. घरी बनवलेल्या ट्रेलरमधल्या बॅटरीच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. जड असते, ठिणगी पाडू शकते, काही प्रकारांत वायू सोडते आणि ॲसिडही सांडते, अशी वस्तू ट्रेलरमध्ये दुसरी नाही. म्हणून तिची जागा गादीच्या मापाआधी ठरवायची. क्रमही ठरलेला आहे: आधी बॅटरीचा प्रकार, मग वजन, मग वायर. रिकामा कोपरा सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं १२ व्होल्टच्या एका किंवा दोन बॅटऱ्या असलेल्या, एका एक्सलच्या छोट्या ट्रेलरसाठी आहे.

हाताशी काय काय हवं

- बॅटरीचं माहितीपत्रक: वजन, टर्मिनलसकट उंची, कोणत्या बाजूवर ठेवता येते, चार्जिंग व डिस्चार्जची तापमान मर्यादा
- ओढणाऱ्या गाडीचं मॅन्युअल आणि हिचवरची (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या आकड्यावरची) पट्टी: हिचवर उभा भार किती चालतो तो आकडा
- एक्सलची आणि टायरची भारक्षमता
- मोजपट्टी, बाथरूममधला वजनकाटा, एक मजबूत फळी, लोखंडी पाइपचे दोन तुकडे
- जाड पुठ्ठा, चिकटपट्टी आणि वाळूच्या पिशव्या (कशासाठी ते पुढे येईल)
- मल्टिमीटर

माहितीपत्रक नसलेली जुनी बॅटरी घ्यायची असेल तर ती पाणी घालायची आहे असं धरूनच जागा ठरवा.

१. बॅटरी कोणती, ते आधी पक्कं करा

*पाणी घालायची शिसे-ॲसिड बॅटरी.* वर बुचं असतात, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. चार्ज पूर्ण होत आला की आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, सोबत ॲसिडचे बारीक तुषारही. ही बॅटरी झोपायच्या जागेत ठेवायची नाही, गादीखालीही नाही आणि ‘तात्पुरती’ही नाही. जागा खोलीबाहेरची हवी, किंवा खोलीच्या बाजूने हवाबंद असलेल्या आणि फक्त बाहेर उघडणाऱ्या पेटीत हवी.

*एजीएम आणि जेल.* याही शिसे-ॲसिडच, पण बंद; एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, जेलमध्ये घट्ट केलेलं. आतला वायू आतच पुन्हा पाण्यात बदलतो, म्हणून पाणी घालावं लागत नाही. ‘सीलबंद’ या शब्दाला मात्र फसू नका. त्यांना दाब सोडणारी झडप असते आणि चार्जर बिघडून व्होल्टेज चढलं की ती उघडते. या बॅटऱ्या आत ठेवता येतात, पण पेटी बाहेर श्वास घेणारीच हवी.

*लिथियम आयर्न फॉस्फेट.* नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही. १०० अँपिअर-तासाची बॅटरी साधारण १० ते १३ किलोची असते, तेवढीच शिसे-ॲसिड २५ ते ३० किलो भरते. शिवाय शिसे-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, तर लिथियमची ८० टक्क्यांहून जास्त क्षमता बिनदिक्कत वापरता येते. तिची अडचण वेगळी आहे. सेल ० अंश सेल्सिअसच्या खाली असताना चार्ज केला की आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि तो मागे फिरत नाही. त्यामुळे थंडीत जाणाऱ्या ट्रेलरमध्ये ती बाहेर दांड्यावर (ट्रेलरच्या पुढच्या, हिचकडे जाणाऱ्या लोखंडी चौकटीवर) ठेवणं चूक. बाहेरच ठेवायची असेल तर बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या, तिच्यावर नजर ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) कमी तापमानाला चार्जिंग तोडायची सोय हवी किंवा बॅटरीत हीटर हवा.

*मोबाइल किंवा ई-बाइकच्या जातीचे लिथियम सेल*, म्हणजे कोबाल्ट किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले, जोडून घरी बनवलेले पॅक: झोपायच्या ट्रेलरसाठी सरळ नको म्हणा. एक सेल पेटला की शेजारचे पेटत जातात आणि लहानशा खोलीतून बाहेर पडायला वेळच उरत नाही.

२. वायूचं गणित एकदा करून बघा

‘थोडासा वायू, काय होणार आहे’ हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याने हा हिशेब वाचावा.

बॅटरी पूर्ण भरल्यावरही करंट चालू राहिला तर प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधून साधारण ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे २.७ लिटर. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगीने तो पेटू शकतो. आता गादीखालची बंद पेटी धरा, आत १०० लिटर हवा. ४ टक्के म्हणजे ४ लिटर. पूर्ण भरलेल्या बॅटरीतून १ अँपिअर वाहत राहिला तर दीड तासात तिथे पोचता. चार्जर बिघडून ५ अँपिअर ढकलत राहिला तर वीस मिनिटंही लागत नाहीत. आणि त्याच पेटीत फ्रिजचा रिले किंवा पंपाचा स्विच असेल तर ठिणगीची सोयही आपणच करून ठेवलेली असते.

हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतका हलका आहे. तो सरळ वर जातो आणि झाकणाखाली साचतो. म्हणून बाहेर जायची वाट पेटीच्या सगळ्यात वरच्या बिंदूपासून निघायला हवी. बाजूला मध्यावर भोक पाडलं तर त्याच्या वरचा सगळा भाग वायूची टाकी होऊन बसतो.

जाता जाता एक गोष्ट: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हायड्रोजनलाही ओरडतो. शेगडी, हीटर सगळं बंद असताना चार्जिंगच्या वेळी तो वाजला तर अलार्म खराब आहे असं समजून त्याचे सेल काढू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, दार-खिडक्या उघडा, चार्जिंग बाहेरून तोडा आणि मग बॅटरीच्या पेटीकडे बघा.

३. वजन एक्सलच्या पुढे की मागे?

हिचवर पडणारा भार बहुतेक लहान ट्रेलरसाठी एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. ७०० किलोचा ट्रेलर असेल तर ७० ते १०५ किलो. हा फक्त ठोकताळा आहे. गाडीची किंवा हिचची मर्यादा त्याहून कमी असेल तर मर्यादाच पाळायची. भार फार कमी झाला की वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि ते हलणं वाढत जातं. फार जास्त झाला की गाडीचं नाक उचलतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते.

बॅटरी कुठे ठेवल्यावर हिचवर किती भार येतो, हे काढायला साधा गुणाकार-भागाकार पुरतो: बॅटरीचं वजन गुणिले एक्सलपासूनचं अंतर, भागिले एक्सल ते हिच अंतर.

समजा एक्सल ते हिच २.४ मीटर आहे आणि बॅटरी २८ किलोची.

- दांड्यावर, एक्सलच्या २ मीटर पुढे: हिचवर सुमारे २३ किलो वाढतात
- बाकाखाली, एक्सलच्या अर्धा मीटर पुढे: सुमारे ६ किलो वाढतात
- मागच्या किचनमध्ये, एक्सलच्या १ मीटर मागे: सुमारे १२ किलो कमी होतात

म्हणजे तीच बॅटरी पुढून मागे नेली की हिचवर ३५ किलोचा फरक पडतो. दोन बॅटऱ्या असतील तर ७०. पाण्याची टाकी आणि किचन मागे असलेल्या ट्रेलरमध्ये बॅटरीसुद्धा मागे टाकली की नेमकं शेपूट हलवणारं वाहन तयार होतं.

भार मोजायचा कसा? चाकांना अडण्या लावा, ट्रेलर सपाट जमिनीवर समपातळीत ठेवा. फळीचं एक टोक पाइपच्या तुकड्यावर टेकवा, त्याखाली काट्याच्या उंचीएवढी वीट. दुसरं टोक ९० सेंमीवर, दुसऱ्या पाइपवरून वजनकाट्यावर. नुसत्या फळीचं काट्यावरचं वजन लिहून ठेवा. मग कपलरचा (दांड्याच्या टोकाला, हिचवर बसणाऱ्या भागाचा) भार विटेकडच्या पाइपपासून ३० सेंमीवर द्या. काट्यावरच्या आकड्यातून फळीचं वजन वजा करून ३ ने गुणा. पाण्याची टाकी भरलेली असताना एकदा आणि रिकामी असताना एकदा, असं दोनदा मोजा. टाकी एक्सलच्या मागे असेल तर धोका भरलेल्या टाकीचा, पुढे असेल तर रिकाम्या.

डाव्या-उजव्या बाजूचाही तोल बघा. सगळं किचन, फ्रिज आणि पाणी एका कडेला असेल तर बॅटरी दुसऱ्या कडेला. हे पुढे-मागेइतकं नाजूक नाही, पण रिकामी जागा दोन्हीकडे असेल तर हलकी बाजू निवडा.

४. एकेक जागा तपासून बघा

दांड्यावर, ए-आकाराच्या चौकटीत. पाणी घालायच्या बॅटरीसाठी हीच सगळ्यात सरळ जागा. वायू मोकळ्या हवेत जातो, ॲसिड सांडलं तरी गादीत मुरत नाही, तपासायला सोपं. तोटेही उघडे आहेत: ओढणाऱ्या गाडीच्या चाकांमागून दगड आणि चिखल थेट इथे येतो, ऊन लागतं, चोराला दोन मिनिटं पुरतात आणि हिचवर पूर्ण भार येतो. इथे पेटी बसवण्याआधी गाडी कडक वळणावर नेऊन बघा. मागे घेताना गाडीचा बंपर किंवा उघडलेलं मागचं दार पेटीला लागता कामा नये. आणि कंस बसवण्यासाठी दांड्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठावर भोकं पाडू नका. वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक असतो, तडा तिथूनच सुरू होतो. यू-बोल्टने आवळलेली पट्टी वापरा. वेल्डिंग करायचंच असेल तर त्याआधी बॅटरी आणि चार्जर दोन्ही सोडवून बाजूला ठेवा.

पुढच्या बाकाखाली किंवा गादीच्या डोक्याकडच्या पेटीत, एक्सलच्या थोडं पुढे. लिथियम आयर्न फॉस्फेट आणि एजीएमसाठी बहुधा हीच उत्तम. वजन खाली आणि मध्याजवळ, वायर आखूड, तापमान बरं. अट एकच, आणि ती लोक विसरतात: झोपलेला माणूस आणि दार यांच्या मध्ये बॅटरी नको. टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराच्या, झोपण्यापुरत्या लहान) ट्रेलरला दोन्ही बाजूंना दारं असतील तर चिंता कमी. एकच दार असेल तर बॅटरी दाराच्या विरुद्ध टोकाला. धूर तिथून निघाला तर बाहेर पडायची वाट तरी मोकळी राहते. धूर ओळखणारा अलार्म छताला लावाच.

मागच्या किचनमध्ये. शेगडी तिथे, पाणी तिथे, फ्रिजची उष्णता तिथे आणि वजन चुकीच्या टोकाला. मागून धडक बसली तर पहिला मार तिथेच. किचनच्या फळ्यांमध्ये जागा छान दिसते म्हणून हा मोह होतो. टाळा.

चासीखाली, बाहेरून टांगलेल्या पेटीत. गुरुत्वमध्य खाली जातो हे खरं, पण जमिनीपासूनचं अंतर घटतं आणि पाणी-चिखल कायमचा पाहुणा होतो. टायर फुटला की त्याच्या चिंध्या आजूबाजूच्या वस्तू झोडपून काढतात, म्हणून चाकाच्या रेषेत पेटी कधीच नको. पाणी घालायची बॅटरी इथे ठेवली तर पाणी घालायला दर वेळी ती उतरवावी लागेल. चार वेळा उतरवाल, पाचव्यांदा कंटाळा कराल आणि प्लेटा कोरड्या पडतील.

गाडीतच. बॅटरी ओढणाऱ्या गाडीत ठेवून ट्रेलरला वायर न्यायची कल्पना लहान ट्रेलरसाठी वाईट नाही. गाडी घेऊन फिरायला गेलात की कॅम्पवर दिवे नाहीत, एवढंच. गाडीत माणसं बसतात, त्यामुळे पाणी घालायची बॅटरी तिथेही नको.

५. गॅसचं सिलिंडर आणि बॅटरी: एका पेटीत नाही

दांड्यावर झाकणाची एक मोठी ॲल्युमिनियम पेटी बसवून त्यात सिलिंडर, बॅटरी, पाण्याचा पाइप आणि जॅक सगळं कोंबलेलं दिसतं. दिसायला सुबक, कल्पना घातक. एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. हायड्रोजन वर साचतो. मधे बॅटरीचं टर्मिनल, एखादा मेन स्विच आणि लोखंडी जॅक. गळती कोणाचीही असो, ठिणगी तयारच आहे.

सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोकं हवीत आणि आत विजेची कसलीही वस्तू नको. बॅटरी तिच्या वेगळ्या, झाकणाच्या पेटीत, शक्यतो दांड्याच्या दुसऱ्या बाजूला. एकाच मोठ्या पेटीचे दोन कप्पे करायचे असतील तर मधला पडदा तळापासून झाकणापर्यंत हवाबंद हवा, त्यातून वायर जाता कामा नये आणि प्रत्येक कप्प्याची बाहेरची वाट वेगळी हवी. ॲल्युमिनियमच्या पेटीत आणखी एक सापळा आहे: झाकण आपटलं आणि टर्मिनलला टेकलं की थेट शॉर्ट. टर्मिनलवर रबरी टोप्या आणि झाकणाला आतून प्लास्टिकचा पत्रा लावा.

६. पुठ्ठ्याची बॅटरी करून बघा

जागा कागदावर ठरली की बॅटरीच्या बाहेरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा आणि तो जागेवर ठेवा. त्यावर टर्मिनल, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि वायर वळायला ७५ ते १०० मिमी उंची जास्तीची धरा. पाणी घालायची असेल तर बूच उघडून आत डोकावता येईल आणि बाटली तिरपी करता येईल एवढी वरची जागा हवी. खोक्याच्या चारी बाजूंना १५-२० मिमी मोकळे सोडा.

मग स्वतःला प्रश्न विचारा. अंधारात, पावसात, मेन स्विच किती सेकंदात हाती लागेल? बॅटरी बाहेर काढताना गादी, सामान, फळी काय काय हलवावं लागेल? पाना फिरवताना तो प्लसवरून बाजूच्या लोखंडावर टेकू शकतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर खोका फिरवा, प्लस टर्मिनल लोखंडापासून लांबच्या बाजूला आणा.

आता खोक्यात बॅटरीच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या भरून बांधा, भार मोजा आणि शक्य असेल तर रिकाम्या रस्त्यावर थोडं अंतर ट्रेलर ओढून बघा. अजून काहीच स्क्रूने ठोकलेलं नाही, त्यामुळे इथे मन बदलायला खर्च नाही.

७. वायर जागेला होकार देते का?

१२ व्होल्टमध्ये अंतर महाग पडतं. तांब्याच्या वायरीसाठी हिशेब असा: ०.०१७५ गुणिले जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, भागिले वायरचा छेद चौरस मिमीमध्ये. उत्तर व्होल्टमध्ये येतं.

फ्यूजबॉक्स ३ मीटरवर, करंट २० अँपिअर, वायर ६ चौरस मिमी: जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.३५ व्होल्ट गळाले. हे जवळपास ३ टक्के झाले, दिव्यांना चालतील, चार्जिंगच्या वायरीला बरे नाहीत. अंतर १ मीटर असतं तर ०.१२ व्होल्ट. इन्व्हर्टर असेल तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला १२ व्होल्टमधून १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा तो बॅटरीपासून मीटरभरातच हवा. बॅटरी दांड्यावर आणि इन्व्हर्टर मागच्या किचनमध्ये, अशी मांडणी असेल तर दोघांपैकी एकाने जागा बदलायची.

पण इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर किंवा चार्जर जवळ म्हणजे बॅटरीच्या पेटीच्या आत नव्हे. पाणी घालायच्या बॅटरीसोबत एका पेटीत ठेवलेलं इलेक्ट्रॉनिक्स ॲसिडच्या तुषारांनी कुजतं, आणि त्यातला रिले ठिणगी पाडतो ते वेगळंच. पडद्याच्या पलीकडे ठेवा. शिसे-ॲसिडला तापमानानुसार चार्जिंग व्होल्टेज बदलावं लागतं, तेव्हा कंट्रोलरची तापमानाची सेन्सर-वायर मात्र बॅटरीलाच चिकटवा.

मुख्य फ्यूज प्लस टर्मिनलपासून जास्तीत जास्त १८ सेंमीच्या आत. फ्यूज बॅटरीला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. फ्यूजच्या अलीकडच्या वायरीच्या तुकड्याला मात्र ते संरक्षण नसतं, म्हणून तो आखूड आणि जाड नळीत ठेवायचा. लिथियम शॉर्ट झाल्यावर हजारो अँपिअर देऊ शकते आणि साधा ब्लेड फ्यूज तेवढा करंट तोडताना स्वतःच ठिणगीचा पूल होऊन बसतो. तिथे क्लास टी, म्हणजे असा प्रचंड करंटही तोडू शकणारा फ्यूज वापरा. निवडलेल्या जागी त्याचा होल्डर मावतो का, हे पुठ्ठ्याच्या खोक्यासोबतच बघून घ्या. पाणी घालायच्या बॅटरीच्या पेटीत फ्यूज ठेवायचा असेल तर तो ठिणगी बाहेर न पडू देणारा, सीलबंद प्रकारचा हवा.

ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील, तर ट्रेलर सुटल्यावर ब्रेक लावणाऱ्या स्विचची वायर मेन स्विचच्या आधीच बॅटरीवरून घ्या. नाहीतर मेन स्विच बंद करून प्रवासाला निघालात की ते ब्रेक नुसते शोभेचे उरतात.

८. पेटी आणि हवेची वाट

शिसे-ॲसिडसाठी: प्लास्टिकची ॲसिड सोसणारी ट्रे तळाला. प्लायवर थेट बॅटरी ठेवली तर पहिल्या गळतीतच प्लाय काळा पडून सुटतो. हवा आत यायची वाट पेटीच्या खालच्या बाजूला, बाहेर जायची झाकणालगत, दोन्ही निदान २५ मिमी व्यासाच्या. बाहेर जाणारी नळी पूर्ण वाटभर चढती हवी. मधे झोळ पडला की त्यात पाणी साचतं आणि वाट बंद. टोकाला किड्यांसाठी जाळी लावा, कारण गांधीलमाश्यांना अशी नळी फार आवडते. नळीचं तोंड खिडकी, दार, हीटरची हवा ओढायची जागा किंवा फ्रिजची चिमणी यांच्याजवळ नको. एजीएमला बाजूला नळी जोडायची सोय असेल तर ती जोडूनच घ्या.

पेटीत वायर शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि त्याभोवती सीलंट. खोलीच्या बाजूचं एक स्क्रूचं भोक उघडं राहिलं तरी वायूला तेवढी वाट पुरते.

लिथियमसाठी वायुवीजनाचा इतका बाऊ नको, पण कोंडूही नका. थंडीपासून वाचवायचं म्हणून चारी बाजूंनी थर्माकोल ठासणं दोन्हीकडून चूक: बॅटरीची उष्णता अडते आणि थर्माकोल पेटतो. खालून इन्सुलेशन द्या, बाजूंना हवा खेळू द्या.

उन्हात तापणारी पेटी शिसे-ॲसिडचं आयुष्य खाते. तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. दांड्यावरची पेटी काळ्याऐवजी पांढरी रंगवली तरी फरक पडतो.

९. जखडणं

दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खोक्याचा पट्टा झाकण धरून ठेवतो, बॅटरी नाही. तो खोका आणि पातळ पट्टा एवढ्यावर ट्रेलर उलटला तर २८ किलोचा दगड खोलीत मोकळा सुटला असं समजा.

तळाला चारी बाजूंनी अँगलची चौकट, म्हणजे बॅटरी घसरणार नाही. वरून धातूची पट्टी किंवा भार लिहिलेला रॅचेट पट्टा, म्हणजे उडणार नाही. पट्टी टर्मिनलपासून लांब आणि रबराने मढवलेली. बोल्ट प्लायमधून आरपार जाऊन चासीच्या लोखंडात किंवा खाली मोठ्या वॉशर-पट्टीवर आवळलेले हवेत. लाकडात पिळलेले साधे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात. झाल्यावर दोन्ही हातांनी बॅटरी सगळ्या दिशांना जोर लावून ओढा. २५ मिमीपेक्षा जास्त हलली तर काम अपुरं आहे.

बॅटरी उभी की आडवी, हे माहितीपत्रकात बघा. पाणी घालायची फक्त उभी. एजीएम बहुधा आडवी चालते, उलटी कधीच नाही.

१०. जोडणी आणि पहिल्या प्रवासानंतर

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जोडताना आधी प्लस, मग मायनस. सोडताना उलटं, आधी मायनस. शिसे-ॲसिडला चष्मा आणि हातमोजे हवेत आणि सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खाण्याचा सोडा जवळ असू द्या.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर थांबून हे बघा:

- पट्टा किंवा पट्टी सैल झाली का, बोल्टच्या नटवर मार्करने काढलेली रेघ सरकली का
- लग आणि फ्यूजचा होल्डर हाताला गरम लागतो का (गरम म्हणजे क्रिम्प, म्हणजे लग दाबून बसवलेला सांधा, किंवा नट ढिला)
- वायर लोखंडाच्या कडेवर घासते आहे का
- पेटीत पाणी शिरलं का, तळाचं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलं का
- चार्जिंग चालू असताना पेटी उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो का

शेवटचं खरं निघालं तर शिसे-ॲसिड बॅटरी जादा चार्ज होते आहे किंवा तिचा एक सेल गेला आहे. हा वास ज्या वायूचा आहे तो विषारी असतो आणि थोड्या वेळाने नाकाला जाणवेनासा होतो. पेटीजवळचा कुठलाही स्विच दाबू नका, टर्मिनलही सोडू नका. चार्जिंगचा स्रोत लांबून बंद करा, पेटी आणि दारं उघडी टाका आणि बॅटरी गार झाल्यावरच हात लावा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जला लावायची नाही, ती बदलायचीच.